उर्दूच्या तासाची हाजिरी

अन्याय झाला तो आमच्या शाळेतल्या उर्दूच्या मास्तरांवर, आणि तो दोनदा झाला. पहिला निजामी राज्य जायच्या आदल्या वर्षी, किंक्रांतीच्या दिवशी, तिसऱ्या तासाला. दुसरा ते राज्य गेल्यावर, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सोमवारी, घंटा व्हायच्या आधी. पहिला निजामाच्या अंमलदारानं केला. दुसरा आपण केला. दोन्ही वेळी तक्रार करणारा माणूस एकच होता. पहिल्या वेळी त्याच्या डोक्यावर जरीचा फेटा होता, दुसऱ्या वेळी पांढरी टोपी.

मास्तरांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव छापलं की आपल्याकडं लोक नावावरून धर्म ओळखतात आणि पुढचं वाचायचं सोडून देतात. आमच्या शाळेत जे शिकले त्यांना नावाशिवायही माणूस कळेल. मला आजवर पत्रकं लिहायची सवय. पत्रकात कलमं असतात. हा माणूस कलमांत बसत नाही, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी माझी बाजू सांगून ठेवतो. उर्दू आमच्यावर लादलेली होती. हे मी तेव्हा कोळशानं भिंतीवर लिहिलं, आज शाईनं लिहितो. खालच्या वर्गात मराठी, आणि वर गेलं की गणित उर्दूत, भूगोल उर्दूत. ज्या तेरणेत पोरं डुंबायची ती तेरणा कुठून निघते हे परक्या भाषेत घोकायचं. त्या पायरीवर निम्मी पोरं शाळा सोडून गुरांमागं गेली. तेव्हा उर्दूचा मास्तर म्हणजे आमच्या लेखी सरकारचा माणूस. त्याच्याशी वाकडं वागणं हे आम्ही देशकार्य समजत होतो.

तर असे हे मास्तर वर्गात आले. उंच, वाळके, बिदरकडचे. अंगात सरकारी शिस्तीची काळी शेरवानी, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, आणि खाली चौकड्यांची लुंगी. पोरं हसली. मास्तरांनी हसू दिलं. मग म्हणाले, "ऊपर का सरकार का है, नीचे का घर का." तपासणीला शाळाखात्याचे मोहतमिम साहेब येणार असले तरी लुंगी बदलायची नाही, हा त्यांचा हेका. हेडमास्तर हात जोडायचे. मास्तर म्हणायचे, साहेब खुर्चीत बसणार, मी टेबलामागं उभा राहणार, खालचं दिसतंय कुणाला.

छडी त्यांच्या हातात कधी दिसली नाही. शिक्षा मात्र करायचे. कुणी कुणाला शिवी दिली, की ती शिवी उर्दूत पूर्ण वाक्यात करून फळ्यावर लिहायची, कर्ता, कर्म, क्रियापदासकट. अर्धीमुर्धी शिवी चालायची नाही. मी शेजारच्याला दिलेली एक शिवी फळ्यावर तीनदा दुरुस्त झाली, आणि शेवटी तिच्यात इतकं व्याकरण शिरलं की ती आम्हा दोघांनाही लागेना. उर्दूत वाक्य कसं उभं राहतं हे मला त्या दिवशी कळलं.

गळा नावाला नव्हता. रोज सकाळी हुजूर निजामांच्या सलामतीचं गाणं व्हायचं, त्यात मास्तरांचा आवाज फाटक्या पत्र्यासारखा वेगळा ऐकू यायचा. ते गाणं ते घाईनं उरकायचे. आणि असा गळा असलेला माणूस वर्गात गाण्यांशिवाय काही शिकवायचा नाही.

हे सुरू झालं हाजिरीपासून. पहिलं नाव पुकारलं. पोरगा उभा राहून म्हणाला, हाजिर जनाब. मास्तरांनी पट मिटला.

"हाजिर तो ये कुर्सी भी है, राजा. तू कौन है, वो बोल."

पोरानं नाव सांगितलं, बापाचं नाव, गाव, जात. मास्तर म्हणाले, हे सगळं पटवाऱ्याकडं लिहिलेलं आहे, मला पटवाऱ्याकडं नसलेलं सांग. मग त्यांनी विचारलं, घरात गातं कोण? आई गाते, दळताना. त्या गाण्यात तू आहेस का? पोराला ठाऊक नव्हतं. आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. जात्याच्या घरघरीत आम्ही रोज पहाटे झोपलेलो असायचो. आई काय गाते ते कान देऊन ऐकावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

तोच घरचा अभ्यास. आईला विचारायचं, तुझ्या ओवीत मी कोण आहे. ओवी मराठीतच म्हणायची, आणि मग आपण त्यात कोण ते उर्दूत सांगायचं. पुढं हीच आमची हाजिरी झाली.

मी घरी विचारलं तर आई चुलीपुढं होती. तिला रागच आला. "आमचं जात्यावरलं शाळंत कशाला न्हेतू रं? ते बायकांचं आसतंय." मी हट्ट धरला. तेव्हा म्हणाली, "हायेस की. पण नाव न्हाय घेत तुझं. नाव घातलं की दिष्ट लागती. राघू म्हणते." एवढं बोलून तिनं फुंकणी चुलीत घातली, म्हणजे मी जावं.

दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग राघू निघाला. एकामागून एक पोरगं उठे आणि सांगे, मैं राघू हूँ. वर्ग होता का पिंजरा. नळदुर्गाकडच्या एका लिंगायत दुकानदाराचा पोरगा वर्गात होता, त्याच्या घरी कानडी. तो उठून म्हणाला, मी गिणी आहे, म्हणजे राघूच. मास्तर खडूच्या डब्याचं झाकण वाजवत इतके हसले की डोळे पुसावे लागले. मग म्हणाले, सगळेच राघू, तर मग फरक काय? जा, परत विचारा. राघू गाण्यात करतो काय?

आणि मग निघाली एकेकाची खरी हाजिरी. एकाचा राघू पेरूच्या झाडाखाली आईची वाट बघत होता. एकाचा सोलापूरच्या गिरणीत गेला होता आणि परत येत नव्हता. माझ्या आईचा राघू तिच्या माहेरी, ईटला, मामाच्या खांद्यावर बसून जत्रा बघत होता. मला ती जत्रा आठवतही नाही. आणि एकाला कळलं की त्याच्या आईचा राघू तो नव्हेच. तो जन्मायच्या आधी वारलेला थोरला भाऊ होता. त्यानं ते उर्दूत सांगितलं, तीन लहान वाक्यांत, आणि खाली बसला. मराठीत मला ते सांगता आलं नसतं, असं तो मला नंतर म्हणाला. आईच्या भाषेत बोललो असतो तर रडू आलं असतं.

ही गोष्ट मी पुढं बऱ्याच विद्वानांना सांगितली. लादलेली भाषा ही लादलेलीच असते. पण आमच्या मास्तरांनी ती अशी वाकवली की घरात बोलता न येणारी गोष्ट तिच्यात बोलता यायला लागली. त्यांचं एक वाक्य होतं, दर चार दिवसांनी कानावर पडायचं: जबान पाहुणी आहे, पाहुणी दारात आली की तिला घरातल्या माणसांची ओळख करून द्यावी, नाहीतर ती मालकीण होऊन बसते.

त्या कानडी पोरानं आईचं गाणं म्हटलं तेव्हा आम्ही तिघे हसलो होतो. चाल गोड होती, शब्द कळले नाहीत म्हणून हसलो. शिक्षा अशी झाली की ते गाणं पाठ करून त्याच्या आईला म्हणून दाखवायचं. गेलो आम्ही दुकानात. गुळाच्या ढेपांमागं ती बाई बसली होती. आमची कानडी ऐकून तिनं पदर तोंडात धरला. मग एकेक शब्द सुधारून घेतला, ते गाणं नीट होईपर्यंत आम्हाला सोडलं नाही, आणि जाताना हातावर खारका ठेवल्या. तो पोरगा त्या दिवसापासून वर्गात खांदे वर करून बसायला लागला.

एकदा मीच मास्तरांना विचारलं होतं, तुमच्या आईच्या गाण्यात तुम्ही कोण? खेकसतील असं वाटलं होतं. ते कागदातले फुटाणे खात होते. खाता खाता सांगितलं. आई लोकांच्या घरी चक्की ओढायची. ज्याचं दळण त्याच्या पोरांची नावं गाण्यात घालायची, मालकिणीला बरं वाटावं म्हणून.

"आटा दूसरे का, गाना भी दूसरे का. मैं उसमें नहीं था, राजा. इसलिए तुमको पूछता हूँ."

फुटाणे संपले होते. त्यांनी कागद झटकला आणि मला व्याकरणाची दोन वाक्यं लिहायला लावली.

आता किंक्रांतीचा दिवस. मोहतमिम साहेब तपासणीला आले. बरोबर हेडमास्तर आणि गावचे थोरले पाटील. पाटलांचा नातू आमच्याच वर्गात होता, आणि साहेबांपुढं नातवानं चमकावं अशी पाटलांची इच्छा होती. हेडमास्तरांनी आदल्या दिवशी विनवून सांगितलं होतं, उद्या फक्त व्याकरण घ्या. मास्तर हो म्हणाले होते. पण हाजिरी घ्यायला उभे राहिले आणि नेहमीसारखीच घेतली. का, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाले, पोरं तयार होऊन आली होती.

नातवाची पाळी आली. तो शांत पोरगा, वर्गात कधी ओवी आणायचा नाही. त्या दिवशी आणली. आजोबा समोर बसलेत म्हणूनच आणली असावी असं मला आज वाटतं. त्यानं खालमानेनं म्हटलं:

दुपारच्या उन्हामंदी बंधू येशीत थांबला
थोरल्या घराचा गं पाण्याचा तांब्या कुठं लपला

जात्यावर असं गाण्याची रीत आहे. सासऱ्याचं, दिराचं, सासूचं, जे तोंडावर बोलता येत नाही ते सून जात्याशी बोलते. भिंतीपलीकडं झोपलेले पुरुष ऐकतात आणि न ऐकल्यासारखं करतात. कुणी कधी उठून जाब विचारत नाही. त्या घरानंही वर्षानुवर्षं ही ओवी ऐकली असणार. नातवाच्या आईचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, भाऊ येरमाळ्याहून पायी आला होता, सोयरिकीतल्या कसल्याशा रुसव्यावरून थोरल्या पाटलांनी त्याला वेशीत उभं ठेवलं, पाणी विचारू दिलं नाही, हे गावाला माहीत होतं. माहीत होतं, पण बोललेलं नव्हतं.

वर्गात मराठीत म्हटलं तोवरही निभावलं असतं. साहेबांना मराठी येत नव्हती. पण हाजिरीचा दुसरा भाग राहिला होता. मास्तरांनी रोजच्यासारखं विचारलं, मतलब? पोरानं सांगितलं, माझा मामा उन्हात उभा राहिला, मोठ्या घरातला पाण्याचा लोटा कुणी लपवला? मास्तरांना तेव्हा उमगलं असणार, कारण खडूच्या डब्याच्या झाकणावरची बोटं थांबली. तरी त्यांनी पुढचा प्रश्न गिळला नाही.

"और इस गाने में तू कौन, बेटा?"

"मैं उसी घर का हूँ, जिसने लोटा छुपाया."

उर्दू ही कचेरीची भाषा. पाटलांनी ती जन्मभर जबानीसाठी, पंचनाम्यासाठी वापरलेली. जात्यावरचं गाऱ्हाणं त्या भाषेत आलं की ते गाऱ्हाणं राहत नाही, साक्ष होते. पाटील उठले. फेटा सारखा केला आणि बाहेर गेले.

बाहेर साहेबांना त्यांनी काय सांगितलं ते हेडमास्तरांनी मला पुढं सांगितलं. पाटील म्हणाले, हे चळवळीचं गाणं आहे हुजूर, यातलं मोठं घर म्हणजे सरकार, आणि तहानलेला भाऊ म्हणजे रयत. स्वतःच्या घरातली गोष्ट कबूल करण्यापेक्षा नातवावर राजद्रोह बसला तरी त्यांना चालणार होता. साहेबांनी मास्तरांना बोलावून विचारलं, हे खरं आहे का? मास्तरांनी खरं सांगितलं असतं तर साहेब हसून निघून गेले असते. पण खरं सांगायचं म्हणजे पाटलांच्या सुनेचं नाव कचेरीच्या माणसापुढं घ्यायचं. मास्तर म्हणाले, "जी हाँ. गाना मैंने सिखाया." पोराचं नाव सुटलं, त्याच्या आईचं सुटलं. मास्तरांची भूमकडं आडरानातल्या शाळेत रवानगी झाली, पगार कापून. पुढं रझाकारांचे दिवस आले तेव्हा त्यांनीही मास्तरांवर याच गाण्यावरून डूख धरला.

त्यांच्या चुका मी झाकत नाही. बायकांचं गाणं शाळेत आणलं तर घरात काय होईल याचा विचार त्यांनी करायला हवा होता. आईनं हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गाणं पुरुषांच्या कानी पडू नये म्हणून पाटलांच्या घरातलं जातं परसात हलवलं गेलं. पण त्या वहिनींनी विहिरीवर माझ्या आईला काय सांगितलं तेही ऐका. त्या म्हणाल्या, "व्हय, बोलणी बसली मला. पर माझं गाऱ्हाणं येकदा तरी कुणीतरी ऐकलं की न्हाय." आणि पुढच्या खेपेला त्यांचा भाऊ आला तेव्हा थोरल्या पाटलांनी स्वतः तांब्या भरून ओट्यावर ठेवला. तोंडातून शब्द काढला नाही, पण ठेवला. भावाला पाणी मिळालं. मास्तरांना माफी मात्र मिळाली नाही.

हे सगळं मी त्या वहिनींना विचारूनच छापतोय. त्यांचा निरोप आला, छाप म्हणावं, ओवी चुकवू नको.

मग निजाम गेला. त्या दिवसांत आपल्या जिल्ह्यात काय काय झालं, आधी रझाकारांनी काय केलं आणि नंतर आपल्यातल्या काहींनी काय केलं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. मास्तर भूमहून चालत आमच्या गावी आले. त्यांना वाटलं, आता मराठी शाळा होणार, उर्दू ज्याला हवी त्यालाच शिकवायची, मग गाणी मोकळेपणानं घेता येतील. दिवाळीनंतरच्या त्या सोमवारी ते शेरवानी-लुंगीत शाळेच्या फाटकाशी आले. शाळेवर नवी कमिटी होती आणि कमिटीवर थोरले पाटील, नवी टोपी घालून. मास्तर निजामाचा हस्तक आहे, पोरांना उर्दूतून स्वतःच्याच घरच्या माणसांविरुद्ध उभं करायचा, असा त्यांचा अर्ज. ठराव आधीच झाला होता. मास्तरांना फाटकाच्या आत घेतलं नाही. आमच्या चळवळीतली माणसं तिथं उभी होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

ज्या गाण्यावरून निजामानं त्यांना चळवळीचा माणूस म्हणून हाकललं, त्याच गाण्यावरून आपण त्यांना निजामाचा माणूस म्हणून हाकललं. डोकी ताळ्यावर असलेल्या लोकांनी हे करावं याची मला चीड येते, आणि ती चीड मी मवाळ करून लिहिणार नाही.

आज मास्तर येरमाळ्याला सडकेच्या कडेला एका खोलीत राहतात. जमिनीचे जुने कागद उर्दूत आहेत, ते वाचून घ्यायला लोक त्यांच्याकडं जातात. ठरावाला हात वर करणारेही जातात. कागद वाचून झाला की नमस्कार न करता उठतात. मी गेलो होतो. आता तालुक्याला या ठरावाची फेरचौकशी लागली आहे. मी म्हणालो, सरळ सांगा ना, त्या दिवशी चळवळीचं गाणं शिकवलं म्हणून निजामानं मला शिक्षा केली. तुमची नोकरी तिथल्या तिथं परत मिळेल. मास्तर खिडकीत तांदळाचे दाणे टाकत होते, चिमण्यांसाठी. म्हणाले, "झूट एक बार बोला, वो उनके सामने. तुम्हारे सामने नक्को."

मग मी साक्ष देतो म्हणालो. चौकशीवाल्यांनी सांगितलं, तुम्ही पत्रकं काढता, तुम्ही पक्षकार, तुमची साक्ष धरता येत नाही. त्या वर्गात बसलेले दुसरे कुणी आणा, ते काय शिकले ते त्यांनी सांगावं. पाटलांच्या नातवाकडं गेलो. तो आता सोलापूरला कॉलेजात आहे. म्हणाला, आजोबा आहेत तोवर नको. मी म्हणालो, आजोबा जातील तोवर मास्तरही जातील. कानडी दुकानदाराच्या पोराकडं गेलो, तो आता स्वतः दुकान बघतो. म्हणाला, धंदा गावात करायचाय, दुसरं कुणी उठलं तर मी उठतो. अणदूरला एक जण शाळामास्तर झालाय, तोही हेच म्हणाला. प्रत्येक जण दुसऱ्याच्या मागं उभा राहायला तयार आहे. पुढं कुणीच नाही.

म्हणून हे तुमच्यासाठी लिहिलं. ज्यांनी त्या वर्गात बसून आपली गाणी सांगितली, ते तुम्ही. आज कुणी तलाठी आहात, कुणी दुकानदार, कुणी माझ्यासारखे बिनकामाचे. वैशाखी पौर्णिमेनंतरच्या मंगळवारी चौकशी आहे, तहसील कचेरीत, सकाळी. मला तुमची सही नको. सहानुभूती कळवू नका. हळहळ करू नका. मागच्या बाकावरच्यानं पुढच्याची वाट बघू नये. या, आपल्या पायांनी या, आणि त्या वर्गात तुम्ही काय शिकलात ते थोरल्या पाटलांच्या समोर, मास्तर ऐकत असताना, तोंडानं सांगा.